उलट सवाल

महाडच्या इंग्रजी शाळेत मी शिकवायला म्हणून पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गात एक दाट मिशीचा माणूस फळा पुसत उभा होता. अंगात कोट, डोक्याला रुमाल. मला वाटलं, आधीच्या तासाचे कोणी नवे मास्तर अजून गेलेले नाहीत. मी दारातूनच हात जोडले आणि म्हणालो, “नमस्कार. मला हेडमास्तरांनी पाठवलंय. तुमचं झालं की मी आत येतो.”

सगळा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “काका, तास घ्या आता!”

त्या माणसाने फडकं खाली ठेवलं, कोटाला हात पुसले आणि अगदी हळू आवाजात मला सांगितलं, “मी विद्यार्थीच हाय, गुरुजी. आज फळ्याची पाळी माझी.”

मला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही. पण त्याहून जास्त मला त्याच्या तोंडचं ‘हाय’ ऐकू आलं. त्याच शाळेत मी सात वर्षं शिकलो होतो आणि तिथे पाऊल टाकल्यापासून तो शब्द गिळत आलो होतो. इथे हा माणूस भर वर्गात तो बोलत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी तिथे कसा पोहोचलो ते आधी सांगायला हवं. मला नीट क्रमाने लिहिण्याची सवय नाही, म्हणून कुठे मागेपुढे झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझं घर पोलादपूरच्या वर, कापड्याच्या बाजूला डोंगरात आहे. आमच्या वाडीतून मॅट्रिक झालेला मी पहिला आणि पुण्याच्या कॉलेजात गेलेलाही पहिला. पहिल्या वर्षाची पहिली टर्म संपता संपता मला हिवतापाने धरलं. दिवाळीला घरी आलो तो अंथरुणालाच खिळलो. बरा होईपर्यंत दुसरी टर्म बरीच पुढे गेली होती आणि ते वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच पहिल्या वर्गात जाऊन बसायचं होतं.

वर्ष बुडालं याचं घरच्यांना फार वाईट वाटलं. मला, खरं सांगायचं तर, थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. पुण्याला पहिल्या महिन्यातच एका प्रोफेसरांनी मला काही विचारलं आणि मी गडबडीत “नाय” म्हणून गेलो. कोणी वाईट बोललं नाही. फक्त शेजारच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघून ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हणून पाहिला, नवीन फळाची चव घ्यावी तसा. त्यानंतर मी वर्गात बोलेनासा झालो. खाणावळीत जेवायला उशिरा जाऊ लागलो, म्हणजे पंगत उठलेली असे. दिवसाकाठी माझं बोलणं “भात वाढा” आणि “पुरे” एवढंच असायचं.

पण घरीही निराळं नव्हतं. ताप उतरल्यावर पहिल्यांदा चुलीपाशी जेवायला बसलो तेव्हा आईने मला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पितळी ताटात वाढलं. घरात भाकरी आणि कुळथाची पिठी होती. माझ्या ताटात भात होता.

“आये, मला भाकर दे ना,” मी म्हणालो.

“खा रे बाबा. तुला आता आमचं खाणं जायचं नाय.”

ती हे रागाने म्हणाली नव्हती. ती बिचारी कौतुकानेच म्हणाली होती. आणि मी तो भात खाल्ला. वाडीतली माणसं येत, ओट्यावर टेकत, मला बघत. माझ्याबरोबर लहानपणी गुरं राखलेले सोबती मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत लागले होते. जे मागे राहिले होते ते माझ्याशी जपून बोलत, जसं सरकारी माणसाशी बोलतात.

अशात हेडमास्तरांचा निरोप आला. शाळेचे मराठीचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले होते. मॅट्रिकच्या मुलांची साहित्याची तयारी करून घ्यायला कोणी नव्हतं. मी त्या पेपरात बरे मार्क मिळवले होते, हे हेडमास्तरांच्या लक्षात होतं. मार्चपर्यंत येतोस का, असं त्यांनी विचारलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. बाजारपेठेत एका भुसाराच्या दुकानावर मला खोली मिळाली. खाली दिवसभर मापं भरताना “लाभ, दोन, तीन” असा, एकाला लाभ म्हणून मोजण्याचा आवाज चाले. तो आवाज मला बरा वाटे, कारण त्यात मला उत्तर द्यायचं नसे.

तो मिशीवाला विद्यार्थी आमच्याच खोऱ्यातला निघाला. आमच्या वाडीवरून खाली पाहिलं तर ओढ्यापलीकडे जी घरं दिसतात, त्यांतलं एक त्याचं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मराठी शाळेत उशिरा घातलेला, मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे बरीच वर्षं घरी राहिलेला, मी मॅट्रिक होऊन गेल्यावर पुन्हा आलेला, म्हणून शाळेत आमची गाठ पडली नव्हती. वर्गातली गावातली मुलं त्याला ‘काका’ म्हणत. तो हसून ‘ओ’ देई.

मला त्याला कशी हाक मारावी तेच कळेना. वर्गात मी त्याला “तुम्ही सांगा” म्हणालो की मुलं हसत आणि “तू सांग” म्हणालो की मलाच चोरट्यासारखं वाटे. एक दिवस शाळा सुटल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, वर्गात अरेतुरे करा. वर्गाबाहेर मी करतो. फिट्टंफाट.” तेव्हापासून तसं ठरलं. शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की मी ‘गुरुजी’चा ‘अरे’ व्हायचो.

शिकवण्याची माझी काही मोठी पद्धत नव्हती. मी ज्या रीतीने पास झालो होतो तीच मी मुलांना दिली. कविता आली की आधी अर्थ लिहायचा, मग सौंदर्य, मग तात्पर्य. सौंदर्यासाठी मी काही शब्द लिहून दिले होते. हृद्य, समर्पक, मनोज्ञ, असे. वर्गातल्या एका वकिलांच्या मुलाने ते तिन्ही एकाच वाक्यात बसवले आणि वर ‘आणि इतरही’ असं लिहिलं. मी त्याला विचारलं, इतर म्हणजे कोणते? तो म्हणाला, “तुम्ही पुढच्या आठवड्यात देणार आहात ते.”

वाचून दाखवताना मात्र सगळा वर्ग त्या माझ्या डोंगरातल्या विद्यार्थ्याकडे बघे. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण कवितेची ओळ तो अशी उचलायचा की ती कागदावरून उठून उभी राहायची. त्याचे वडील जाखडीच्या नाचातले नावाजलेले शाहीर होते. गणपतीत आमच्याकडे पायात घुंगरू बांधून पोरं गोल नाचतात आणि मधे बसून शाहीर गातो, ते सगळ्या कोकणाला माहीत आहे. तो लहानपणापासून वडिलांच्या मागे बसून गात आलेला. पाठांतराचा प्रश्नच नव्हता. पूर्ण पुस्तक त्याला तोंडपाठ होतं.

त्याला ऐकता ऐकता माझ्या मनात एक गोष्ट रुजली. हा पास झाला तर जूनमध्ये हा आणि मी एकाच वर्गात असू. माझं वर्ष बुडालं ते बुडालं, पण त्यामुळेच आम्ही एका बाकावर बसू. खाणावळीत एका पंगतीला बसू. मी “नाय” म्हणालो तर निदान एकाला त्यात काही वेगळं वाटणार नाही. हा विचार आला त्या दिवशी मी खोलीवर गेलो आणि बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने काहीतरी गुणगुणलो. खालच्या दुकानदाराने वर बघून विचारलं, “काय मास्तर, लग्न ठरलं वाटतं?”

जानेवारीच्या अखेरीस टेस्ट झाली. टेस्टला जो उतरेल त्यालाच हेडमास्तर मॅट्रिकला पाठवत. बाकीच्यांनी एक वर्ष थांबायचं. मराठीचा पेपर हेडमास्तरांनी स्वतः तपासला. दोन दिवसांनी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि त्या मिशीवाल्याची उत्तरपत्रिका पुढे सरकवली.

“वाच. मोठ्याने वाच.”

प्रश्न होता पाठ्यपुस्तकातल्या एका कवितेवर. त्या कवितेत भर दुपारी एक वाटसरू वडाखाली थांबतो आणि वड त्याला सावली देतो. म्हणजे सज्जन माणूस कोणाला नाही म्हणत नाही. कवीने वडाच्या रूपाने सज्जनाचं वर्णन कसं केलं आहे, असं विचारलं होतं. उत्तर चांगलं होतं. अर्थ, सौंदर्य, तात्पर्य, तिन्ही क्रमाने. आणि त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं: ‘आता वाटसरू उठून गेल्यावर ती सावली कोणाची, हे परीक्षकांनी सांगावे.’

मी थांबलो.

“पुढे,” हेडमास्तर म्हणाले.

दुसरं उत्तर मैत्रीवरच्या धड्याचं होतं. खरा मित्र दुःखात ओळखावा, हे त्याने नीट पटवून दिलं होतं. खाली: ‘मग ज्याला दुःखच नाही त्याने मित्र कसा ओळखावा, याचा उलगडा परीक्षकांनी करावा.’ तिसरं उत्तर, त्याखाली प्रश्न. चौथं, त्याखाली प्रश्न. एकही उत्तर त्याने मोकळं सोडलेलं नव्हतं.

“हा परीक्षा देतोय की घेतोय?” हेडमास्तरांनी विचारलं. ते चिडले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसूही होतं. “मॅट्रिकचा पेपर मुंबईत कोणी प्रोफेसर तपासणार. त्यांना हा सांगणार, उलगडा करा म्हणून. ते काय उलगडा करतील? निळ्या पेन्सिलीने करतील. मी ह्याला पाठवू शकत नाही. उद्धट मुलांची शाळा म्हणून नाव जाईल आमचं.”

“तो उद्धट नाही, सर.”

“मग काय आहे?”

एरवी मी “बरं” म्हणून निघून आलो असतो; माझा स्वभावच तसा आहे. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पुण्याच्या खाणावळीतला माझ्या शेजारचा रिकामा पाट आला. मी म्हणालो, “मला थोडे दिवस द्या. पुन्हा एक पेपर घ्या. त्यात असं काही आलं तर पाठवू नका.”

हेडमास्तर मला तोवर नेहमी ‘अरे’ म्हणत. ते म्हणाले, “ठीक आहे, मास्तर. तुम्ही जामीन. फेब्रुवारीच्या शेवटी बघू.”

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे पोलादपूरच्या रस्त्याने घरी निघालो. त्याला हेडमास्तरांचं बोलणं कळलं होतं. तो नेहमीसारखाच लांब ढांगा टाकत होता आणि मी मागे मागे.

“अरे, प्रत्येक उत्तराखाली सवाल कशाला लिहिलास?” मी विचारलं.

त्याने खरंच नवल वाटून माझ्याकडे पाहिलं. “मग काय, नुसतं उत्तर देऊन गप बसू?”

“गप बसायचं! परीक्षा आहे ती.”

“तू जाखडी बघितलीस ना रे? दोन फड समोरासमोर बसले, एकाने सवाल टाकला, दुसऱ्याने फोडला. फोडून गप बसला तर काय म्हनतात लोक?”

“हरला म्हणतात.”

“मग? उत्तर दिलं की उलट सवाल टाकायचाच. माझा बापूस सांगतो, सवाल परत टाकला की समोरच्याचा मान राहतो. नाय टाकला तर त्याला वाटतं, ह्याला आपल्याशी पुढं बोलायचंच नाय. पाठ फिरवून गेला.”

म्हणजे तो परीक्षकाचा मान ठेवत होता. मुंबईतला कोणी अनोळखी माणूस एवढे प्रश्न विचारतो, आणि आपण फक्त उत्तरं फेकून उठावं, हे त्याला वाईट दिसत होतं.

“त्या परीक्षकाला आपल्याशी बोलायचं नसतं,” मी म्हणालो.

“मग विचारतो कशाला?”

“आपल्याला येतं का ते बघायला.”

“म्हंजे त्याला ठाऊक असतं?”

“ठाऊक असतं.”

“ठाऊक असून विचारतो!” तो रस्त्यात थांबून हसायला लागला. “पुन्याची मान्सं बरी हायत रे तुझी. हा तर पोरखेळ झाला.”

“मुंबईची,” मी म्हणालो. “मुंबईची माणसं.” आणि मीही हसलो.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. सवय त्याच्या हातात इतकी भिनली होती की ‘लिहू नको’ म्हटल्यावर तो उत्तरच अर्धवट सोडी. पुढच्या आठवड्यात मी त्याच्याकडून चार उत्तरं लिहून घेतली, चारही लंगडी. तो म्हणाला, “हात थांबतो. शेवट आला असं वाटतच नाय.”

तेव्हा मला एक सुचलं. ते फार हुशारीचं होतं असं नाही. मी म्हणालो, “तू उत्तर कागदावर लिही आणि तिथेच थांब. उलट सवाल लिहायचा नाही, पण टाकायचा. मला टाकायचा. तोंडी. संध्याकाळी.”

“आनि तू काय करशील?”

“फोडीन.”

“फोडशील? तू?” त्याला ते फार आवडलं.

तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर आम्ही सावित्रीच्या काठी खडकावर जाऊन बसू लागलो. तो दिवसभरात लिहिलेली उत्तरं मला वाचायला देई. मी ती तपासत असताना तो पाण्यात खडे टाकत बसे आणि मी मान वर केली की सवाल येई. चंद्र गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच दिसतो, असं एका कवितेत होतं. त्याने विचारलं, “सारखा दिसतो तर आपल्या खोऱ्यातल्याला उशिरा का दिसतो? गावातल्यांचा चंद्र वर आला तरी आपला डोंगरामागंच असतो.” मी म्हणालो, आपला चंद्र चढून येतो, म्हणून उशीर. त्याने जराशी मान हलवली. “चालेल. पन कच्चं हाय.”

कधी तो असा काही सवाल टाके की मी हैराण होई. वाऱ्याला घर असतं तर त्याने दार कुठल्या बाजूला लावलं असतं? मी अर्धा तास डोकं खाजवलं. तो पोट धरून हसला. “ह्याला उत्तर नाय रे! हा नुसता पाडायचा सवाल. बापूस शेवटाला काढतो, समोरचा दमला की.”

आणि मीही उलट टाकू लागलो. सुरुवातीला फार बाळबोध, मग बरे. मला इतकं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. घाटावरून गुरं परतायची, पलीकडच्या काठावरून कोणी होडीवाल्याला हाक मारी, आणि आम्ही दोघे सज्जनपणा, वियोग, निसर्गप्रेम अशा परीक्षेतल्या गोष्टींवर आपल्या बोलीत भांडत बसलेले असू. पुण्याच्या सबंध टर्ममध्ये मी जेवढं बोललो नव्हतो तेवढं मी त्या काठावर एका संध्याकाळी बोलत होतो.

मधून मधून मी कॉलेजचं बोलणं काढी. तिथली लायब्ररी केवढी आहे, तिथे पुस्तक बाकावर बसून वाचता येतं, टेकडीवर फिरायला जाता येतं. “आपण दोघे जाऊ तेव्हा बघशील,” असं मी म्हणे. तो “व्हय” म्हणे. कधी विचारी, टेकडी म्हंजे केवढी? मी सांगे. तो म्हणे, “ती टेकडी नाय, तो बांध.” मला त्यात सगळं ठरल्यासारखं वाटत होतं. मी मनात बाकसुद्धा निवडला होता, खिडकीजवळचा, तिसरा.

फेब्रुवारीच्या शेवटी पेपर झाला. हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि उत्तरपत्रिका पुन्हा पुढे सरकवली. सगळी उत्तरं जिथे संपायची तिथे संपली होती. फक्त शेवटच्या उत्तराखाली टाकाचा एक ठिपका होता, शाई पसरलेला. तिथे त्याने टाक टेकवला असावा आणि मग उचलला असावा.

“हे काय?” हेडमास्तरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

“डाग आहे, सर,” मी म्हणालो.

परीक्षा मुंबईला होती. आमच्याकडची मुलं दासगावच्या बंदरावरून लाँचने जात. मी बंदरापर्यंत गेलो. वकिलांचा मुलगा वडिलांबरोबर होता, ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा, सगळा सरंजाम. माझ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर एक घोंगडी आणि हातात पुस्तकांची पिशवी. लाँच सुटताना तो ओरडला, “अरे, परीक्षकाचं घर कुठं असतं?”

“कशाला?”

“सवाल तोंडी टाकून येतो!”

काठावरची माणसं वळून बघायला लागली. मीही मोठ्याने हसलो, आणि मग लाँच वळणावर दिसेनाशी झाली. परतताना वाटेत मला कोणी भेटलं नाही.

शाळेतलं माझं काम संपलं. मी घरी गेलो. आई अजून पितळी ताटातच वाढत होती. मी आता काही म्हणत नव्हतो, कारण मला वाटत होतं, हे थोड्याच दिवसांचं आहे. जूनपासून माझ्या बाजूला आपलं माणूस असेल. कोणी विचारलं, कधी जाणार पुण्याला, तर मी “आम्ही जूनमध्ये जाणार” असं सांगत असे. आम्ही कोण, हे कोणी विचारलं नाही.

निकाल लागला. तो पास झाला. मराठीत त्याला चांगले मार्क होते. बातमी पोलादपूरच्या बाजाराला गेलेल्या माणसाने आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः ओढा ओलांडून आमच्या वाडीवर आला. आईसाठी फणस आणला होता. आईने त्याला साध्या थाळीत भाकरी वाढली आणि तो मांडी घालून खायला बसला. मी समोर पितळी ताट घेऊन.

“मग?” मी म्हणालो. “वीस तारखेच्या आत पोहोचलं पाहिजे. मी खोलीसाठी लिहितो. दोघांना एक पुरेल.”

त्याने घास खाली ठेवला.

“मी नाय येत रे.”

मला वाटलं, त्याला घरून कोणी अडवलं असेल. मी भरभर बोलायला लागलो. फ्रीशिप मिळते, मी प्रोफेसरांशी बोलेन, तुझ्या वडिलांना समजावतो. तो ऐकत राहिला. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाला, “बापूस अडवत नाय. तो म्हनतो, जा. मीच जात नाय. मामलेदार कचेरीत मॅट्रिकवाला कारकून पायजे हाय, त्यासाठीच तर केलं सगळं. म्हाडातून शनवारी घरी येता येतं. बापसाचा आवाज गेलाय, गनपतीत फड मला घ्यायचाय. मला हितंच ऱ्हायचंय.”

“पण तू व्हय म्हणत होतास. नदीवर. मी बोलायचो तेव्हा.”

“तू बोलायचास. तुझं तोंड बघून कोन नाय म्हनंल?” त्याने थाळी जरा बाजूला केली. मग मऊ आवाजात म्हणाला, “येशील का, असं तू मला कधी इचारलं नायस रे.”

ते खरं होतं. मी लायब्ररी सांगितली, टेकडी सांगितली, बाक निवडला. पण येशील का, एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून कधी निघाले नाहीत. त्याला विचारायचं भान राहिलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. मला वाटतं, मी विचारायला घाबरत होतो. न विचारता सगळं ठरलेलं बरं वाटत होतं.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती त्याला म्हणाली, “बरं केलंस रे पोरा. एक तरी हितं ऱ्हायला पायजे.” मग तिने माझ्याकडे पाहिलं.

तो मला मोटारीवर पोहोचवायला पोलादपूरपर्यंत आला. माझी ट्रंक त्याने डोक्यावर घेतली, मी नको म्हणत असताना. वाटेत आम्ही भाताच्या राबाचं बोललो, त्याच्या म्हशीचं बोललो, कचेरीतल्या बड्या कारकुनाला पान लागतं ते बोललो. सवाल कोणीच टाकला नाही. मोटार आली, ट्रंक टपावर चढली. मी खिडकीशी बसलो. तो खाली उभा होता आणि आम्हा दोघांना मोटार सुटायची घाई झाली होती.

“जपून जा,” तो म्हणाला.

“व्हय,” मी म्हणालो.

आंबेनळीच्या घाटात अर्ध्यावर मोटार तापली. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं आणि क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे गेला. माणसं गटागटाने रस्त्याकडेला बसली. मी कठड्याजवळ उभा राहिलो. तिथून आमचं खोरं दिसतं. ढग खाली उतरलेले होते, त्यामुळे वाडी कुठली ते काही कळत नव्हतं.

एक वाईचे म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चंची काढली, सुपारी कातरायला घेतली.

“कुठवर?”

“पुण्याला.”

“शिकायला?”

“हो. कॉलेजात.”

“वा. तिकडे आपलं कोणी आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “कोणी नाही. एकटाच आहे.”

हे मी आजवर कोणाला असं सरळ सांगितलं नव्हतं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मान हलवली, कातरलेल्या सुपारीतली अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि मग स्वतःची कुठे कुठे माणसं आहेत ते सांगू लागले: एक मुलगी साताऱ्याला, एक पुतण्या भोरला. मी सुपारी खात नाही. पण ती तोंडात टाकली आणि ते बोलत होते तोवर चघळत राहिलो. मग क्लीनरने हाक मारली आणि आम्ही सगळे पुन्हा मोटारीत जाऊन बसलो.